दुपारी तीननंतर सौर पंपाचं पाणी तुटतं? मोटार वर काढण्याआधी प्लेटांचा कोन बघा

दिवाळी सरली की आमच्या शिवारात दरवर्षी एकच तक्रार सुरू होते. उन्हाळ्यात पंप धो धो चालत होता, आता तीन वाजले की धार करंगळीएवढी होते, आणि चारला तर मोटार फिरतेय पण पाइप कोरडा. मग तर्क निघतात. बोअरची पातळी खाली गेली, मोटार घासली, कंट्रोलर गेला. कोणी कंपनीला फोन लावतं, कोणी माणसं बोलावून मोटार वर काढायला घेतं. होळीपर्यंत तक्रार आपोआप मिटते, सगळे विसरतात, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

मीही यातून गेलो आहे. शेत जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, चार एकर. निम्म्याहून जास्त मोसंबी, उरलेल्यात गहू आणि हरभरा. पंप सरकारी योजनेतला, ५ एचपीचा, ५४० वॅटच्या नऊ प्लेटा एकाच माळेत, म्हणजे एकीला एक जोडलेल्या. बसवला मे महिन्यात, आणि पहिला उन्हाळा इतका मजेत गेला की रात्रीच्या लाइटीला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे दिवस आठवून हसू यायचं. डिसेंबरात गव्हाचं पहिलं पाणी आलं आणि हसू मावळलं. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत हे पाणी द्यावंच लागतं, तेव्हा मुकुटमुळं फुटत असतात. माझं दोन दिवसांचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, चार दिवस चाललं.

कंपनीचा माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा दुपारी एकच्या सुमारास. पंप सुरू केला, धार बघितली, "भाऊ, झकास चाललंय की" म्हणाला आणि कागदावर सही घेऊन गेला. त्याचं खोटं नव्हतं. एक वाजता पंप ठीकच चालायचा.

कोडं सुटलं ते आईमुळे. ती ओट्यावर ऊन खात बसली होती, मी प्लेटांकडे बघत कपाळाला हात लावून. ती म्हणाली, "थंडीत ऊन घ्यायला बसतोस तेव्हा तोंड कुणीकडं करतोस रे? ह्या तर आभाळाकडं बघत उताण्या पडल्यात."

खरंच उताण्या होत्या. मे महिन्यात बसवल्या तेव्हा सूर्य डोक्यावर होता, म्हणून बसवणाऱ्यांनी जेमतेम पाच अंशांचा उतार दिला आणि बोल्ट आवळून टाकले. सांगाड्याला कोन बदलायची सोय होती, तिरप्या पट्टीला ओळीनं भोकंही होती. ती कशासाठी आहेत हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

मी आता दुसऱ्याच्या शेतात बोलावणं आलं की पहिला प्रश्न विचारतो: त्रास कोणत्या महिन्यात आणि किती वाजता होतो? ठरावीक महिन्यांत, ठरावीक वेळेला येणारी आणि मधल्या काळात गायब होणारी तक्रार बहुतेक वेळा उन्हाची असते. कोन, सावली किंवा धूळ. मोटार घासली असेल तर ती भरदुपारीही पाणी कमीच देईल. घासलेली मोटार होळीला आपोआप बरी होत नाही.

दुसरी खूण कंट्रोलरच्या, म्हणजे प्लेटांची वीज मोटारीला देणाऱ्या पेटीच्या, पडद्यावर असते. माझ्या माळेला ऊन असताना साधारण साडेतीनशेच्या आसपास व्होल्ट दिसतात. चालू पंपावर व्होल्ट नेहमीइतके आणि अँपिअर कमी दिसले, तर प्लेटा शाबूत आहेत, त्यांना ऊन पुरेसं मिळत नाहीये. व्होल्टच नेहमीपेक्षा खाली असतील तर आधी एखाद्या प्लेटवर सावली आहे का ते बघा, नसेल तर एखादी प्लेट, तिच्या मागच्या डबीतला डायोड किंवा जोडणी बघावी लागेल. एक अपवाद लक्षात ठेवा: एप्रिल-मेमध्ये प्लेटा तापून व्होल्ट थोडे उतरतातच, तो बिघाड नव्हे. चांगल्या दिवसाचे आकडे म्हणूनच वहीत लिहून ठेवावेत. तुलनेला काही नसेल तर पडद्यावरच्या आकड्याला अर्थ नाही.

तिसरी परीक्षा फुकटची आहे. दहा सेंटीमीटरची सरळ काडी घ्या, ज्वारीच्या धांड्याची चालेल, आणि प्लेटच्या काचेवर अगदी काटकोनात उभी धरा. सावली पडलीच नाही तर प्लेट सूर्याकडे तोंड करून आहे. सावली पावणेतीन सेंटीमीटर असेल तर प्लेट पंधरा अंश चुकली, पावणेसहा असेल तर तीस अंश. सावली काडीएवढी झाली की चूक पंचेचाळीस अंशांची. पंधरा अंशांपर्यंत दुर्लक्ष करा, तेवढ्यानं थेट उन्हात साडेतीन टक्क्यांचाच फरक पडतो. तीस अंशांना तो तेरा टक्क्यांवर जातो आणि पंचेचाळीसला जवळपास तीस.

माझ्याकडे डिसेंबरात भरदुपारी सावली आठ सेंटीमीटर भरली.

एवढ्यानं पाणी बंद कसं पडतं?

सगळ्यांना इथेच अडखळायला होतं. ऊन वीस टक्के कमी पडलं तर पाणीही वीस टक्केच कमी यावं ना? तसं होत नाही.

पंपाचा वेग थोडा घटला की तो पाणी जितक्या उंचीवर ढकलू शकतो ती उंची वर्गाच्या प्रमाणात घटते. वेग दहा टक्के कमी तर उंची एकोणीस टक्के कमी. बोअरमधून पाणी जमिनीवर आणायलाच एक ठरावीक उंची लागते, त्याखाली पंप नुसतं पाणी घुसळत बसतो. पडद्यावर हा वेग हर्ट्झमध्ये दिसतो आणि माझ्या पंपाचा पाणी तुटण्याचा आकडा ३६ हर्ट्झ आहे. पडद्यावर ५० असताना धार पूर्ण, ४२ला निम्मी वाटते, ३६ला शून्य. तुमचा आकडा वेगळा असेल. पातळी जितकी खोल तितका तो वर सरकतो. म्हणून पातळी खरंच खाली गेली असेल तर कोनाचा दोष आणखी बोचतो आणि दोन्ही कारणं एकमेकांत मिसळून जातात.

आता सूर्याचा हिशोब. जालना साधारण २० अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीही सूर्य डोक्यावरून ४३ अंश दक्षिणेला झुकलेला असतो. पाच अंशांवर उताणी पडलेली प्लेट आणि ३५ अंशांवर उभी केलेली प्लेट यांची तुलना केली, तर भरदुपारी उभ्या प्लेटला थेट ऊन सव्वापट मिळतं. दुपारी चारला ते दीडपट होतं. म्हणजे कोनाची चूक दुपारी झाकली जाते आणि नेमकी सकाळ-संध्याकाळी, जेव्हा पंप त्या ३६ हर्ट्झच्या काठावर लटकत असतो, तेव्हा नडते. कंपनीच्या माणसाला एक वाजता काही दिसलं नाही ते यामुळे. त्याला बोलवायचंच असेल तर साडेतीनला बोलवा.

कोन कधी आणि किती

ढोबळ नियम असा: हिवाळ्यात आपल्या अक्षांशात पंधरा मिळवा, उन्हाळ्यात पंधरा वजा करा, मधल्या दिवसांत अक्षांशाइतका ठेवा. जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक या पट्ट्यात ३५, २० आणि ५. कोल्हापूरकडे दोन-तीन अंश कमी, नागपूर-जळगावकडे एखादा जास्त. त्या फरकासाठी डोकं शिणवू नका, सांगाड्याच्या भोकांमध्ये तेवढी बारीक सोय नसतेच.

उन्हाळ्याचा पाच अंश मात्र मी स्वतः ठेवत नाही, दहा ठेवतो. प्लेट फारच सपाट असली की वळवाच्या चार थेंबांनी धूळ खाली ओघळते आणि खालच्या चौकटीला चिखलाची पट्टी धरते. बोटभर रुंदीची ती पट्टी खालची घरं झाकते आणि माळेतल्या सगळ्याच प्लेटांचा प्रवाह आवळते. पाच अंशांसाठी हा व्याप नको.

तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून मी सणांवर गाठ मारली आहे. पोळ्याला २०, दसऱ्याला ३५, महाशिवरात्रीला परत २०, हनुमान जयंतीला १०. तिथी मागेपुढे होतात, पण पंधरा-वीस दिवसांनी काही बिघडत नाही. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतोच, त्या दिवशी पाना हातात असतो. फक्त बेंदूर पाळणाऱ्या भागातल्या मंडळींनी पोळ्याच्या जागी बेंदूर धरू नये. तो पावसाळ्याच्या तोंडावर येतो, तेव्हा सूर्य अजून डोक्यावर असतो. खरं तर आमच्याकडे २० मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भरदुपारी थोडा उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत प्लेट ३५ अंशांवर ठेवली तर दुपारचं अठरा ते बावीस टक्के थेट ऊन वाया जातं. ज्यांनी दसऱ्याला कोन वाढवला आणि मग विसरले, त्यांची तक्रार म्हणून उन्हाळ्यात येते.

कोन मोजायला मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप प्लेटच्या चौकटीवर ठेवा. ते नसेल तर ओळंबा आणि टेप पुरतात. ५४० वॅटची प्लेट साधारण २ मीटर २८ सेंटीमीटर लांब असते. उताराच्या दिशेनं एकच प्लेट उभी बसवलेली असेल, तर वरची कड खालच्या कडेपेक्षा १० अंशांना ४० सेंटीमीटर, २० अंशांना ७८ आणि ३५ अंशांना १३१ सेंटीमीटर उंच भरली पाहिजे. दोन प्लेटा वरखाली असतील तर आकडे दुप्पट.

तोंड दक्षिणेला आहे का हेही एकदा बघून घ्या. मोबाइलचा कंपास लोखंडी सांगाड्याजवळ फसवतो. त्यापेक्षा मोकळ्या जागेत एक काठी ओळंब्यात रोवा आणि सर्वांत आखूड सावली कुठे पडते ते बघा, ती बरोबर उत्तरेकडे असते, फक्त २० मे ते जुलैअखेर दक्षिणेकडे पडते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य मध्यावर आला असं नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, जालना त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आमच्याकडे सूर्य मध्यावर येतो तो बारा वाजून दहा ते चाळीस मिनिटांच्या दरम्यान, महिन्याप्रमाणे. दिशा दहा-पंधरा अंशांनी चुकलेली असली तर सोडून द्या, पाया उकरू नका.

सकाळी दहापर्यंत पंप उठतच नाही

ही कोनाच्याच तक्रारीची जुळी बहीण, पण पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या सांगाड्यांची. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या निकषांत सौर पंपाच्या प्लेटा हातानं दिवसातून तीनदा फिरवण्याची आणि ऋतूप्रमाणे कलवण्याची सोय सांगितलेली आहे. म्हणून बऱ्याच सांगाड्यांना मधोमध खांब आणि एक दांडा असतो. सकाळी पूर्वेकडे, दुपारी सरळ, तीनला पश्चिमेकडे.

शेतकरी पहिले आठ दिवस हौसेनं फिरवतो. मग एका संध्याकाळी प्लेटा पश्चिमेला राहतात आणि तशाच महिनाभर राहतात. सकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर पडतं. पंप उशिरा उठला की आपण कंट्रोलरला शिव्या घालतो. एका पाहुण्याच्या शेतात मी हे बघितलं, मावसभाऊच तो, त्याने स्टार्टरच्या पेटीला लिंबू-मिरची बांधली होती.

सवय एकच लावा: संध्याकाळी घरी निघताना प्लेटा पूर्वेकडे करून जायच्या. तीनदा फिरवणं जमणार नसेल, आणि मजुराच्या भरवशावर असलेल्या शेतात ते जमत नाहीच, तर सरळ मध्यावर खीळ घालून ठेवा. पश्चिमेला विसरलेल्या प्लेटेपेक्षा न फिरवलेली प्लेट पुष्कळ बरी.

मे महिन्यात नसलेली सावली

कोन नीट केल्यावरही चारला पाणी तुटत असेल तर सांगाड्यापाशी उभे राहा आणि नैऋत्येकडे बघा. डिसेंबरात आमच्याकडे चार वाजता सूर्य क्षितिजापासून बावीस अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या अडीचपट पडते. बांधावरची दहा मीटरची बाभूळ पंचवीस मीटरपर्यंत पोचते. दोन मीटरची तूर पाच मीटर. मे महिन्यात जागा निवडताना यातलं काही दिसलेलं नसतं, तूर तर पेरलेलीही नसते.

माळेत जोडलेल्या प्लेटा बैलगाडीसारख्या आहेत, एक बैल बसला की गाडी थांबते. प्लेटच्या मागच्या डबीत डायोड असतात ते सावलीतला भाग वगळून वाट काढून देतात म्हणून सगळं बंद पडत नाही, पण व्होल्ट घसरतात आणि पंपाचा वेग हेलकावे खायला लागतो. एका फांदीची सावली नऊही प्लेटांना जाणवते. उपाय साधा: फांदी छाटा, आणि प्लेटांच्या दक्षिण व पश्चिम बाजूला पाच-सहा मीटर पट्ट्यात तूर, ऊस, मका न घेता हरभरा, भुईमूग असं बुटकं पीक घ्या.

धुळीबद्दल थोडक्यात. महिन्यातून दोनदा, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत किंवा कच्चा रस्ता शेजारून जात असेल तर आठवड्याला धुवा. सकाळी, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारू नका. आमच्यासारखं क्षाराचं पाणी असेल तर रबरी पट्टीनं लगेच निपटून काढा, नाहीतर पांढरे डाग धुळीपेक्षा चिवट होतात. घासणी आणि साबण पावडर लांब ठेवा.

पाना हातात घेण्याआधी

ही जागा विनोदाची नाही. नऊ प्लेटा उन्हात असल्या की माळेच्या टोकाला चारशेहून जास्त व्होल्ट डीसी असतात. ती वीज चिकटली की सोडत नाही. कंट्रोलरचा डीसी स्विच बंद केला तरी प्लेटांपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच राहते, ऊन बंद करायचं बटण नाही. चालू भारावर प्लेटांमधले जोड ओढले तर ठिणगी धरून ठेवते आणि हात भाजतो. कोन बदलताना जोड उघडायची गरजच नसते. वायरला कोन वाढल्यावर ताण बसणार नाही एवढी ढील आहे का तेवढं बघा. कंट्रोलरची पेटी उघडायची वेळ आलीच तर स्विच बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, आत साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. खरं तर ती पेटी उघडूच नये, ते काम कंपनीचं.

पहाटे उजाडताना, वारा पडलेला असताना काम करा. एक प्लेट अठ्ठावीस किलोच्या आसपास, नऊंचं वजन अडीचशे किलो. चार माणसं हवीत. दोघं कड धरतील, एक भोकात बोल्ट घालेल, चौथा नुसता बघेल की कोणाचा हात पट्टीत नाही ना. बोल्ट आदल्या संध्याकाळी तेल टाकून मोकळे करा. दोन्ही बाजूंची भोकं मोजून सारखी घ्या, एक बाजू एका भोकानं वर राहिली की सांगाडा पिळला जातो आणि वावटळीत काच तडकते. हिवाळ्याच्या उभ्या कोनात वारा जास्त भरतो, म्हणून बोल्ट आठ दिवसांनी पुन्हा आवळा. उन्हाळी कोनाचा हाही फायदा, वळवाच्या वादळात प्लेटा आडव्या असलेल्या बऱ्या.

सांगाड्याला दिलेल्या भोकांतून कोन बदलणं म्हणजे छेडछाड नव्हे. नवीन भोक पाडणं, वेल्डिंग करणं, प्लेटा दुसऱ्या सांगाड्यावर हलवणं याला मात्र कंपनी बोट दाखवेल. योजनेतल्या पंपांना पाच वर्षांची देखभाल हमी असते, ती स्वतःच्या हातानं घालवू नका. गंजून बसलेला बोल्ट किंवा वाकलेली पट्टी ही त्यांनी दुरुस्त करायची गोष्ट आहे, लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक मागा.

इतकं करूनही भरदुपारी धार बारीकच

मग ऊन निर्दोष. आधी एक क्षुल्लक गोष्ट तपासा: नुकतीच कोणी मोटारीची वायर सोडून परत जोडली होती का? तीन वायरींपैकी दोन उलटसुलट झाल्या की मोटार उलटी फिरते. आवाज येतो, हर्ट्झ ५० दिसतात, पाणी मात्र निम्म्याहून कमी. कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की प्रश्न मिटतो, पण ती डीसी स्विच बंद करून, थांबून, जाणकाराच्या हातून.

पंप सुरू होऊन थोड्या वेळानं आपोआप थांबत असेल आणि पडद्यावर कोरड्या चालण्याची सूचना येत असेल तर बोअरची पातळी दोरीनं मोजा. ती सूचना बंद करून घेऊ नका, मोटार तिच्यामुळेच जगते. ठिबकवर असाल तर फिल्टरच्या आधी आणि नंतरचा दाब बघा. चकत्यांचा फिल्टर शेवाळानं भरला की दोष सूर्याच्या माथी जातो. सकाळी नऊच्या आधी आणि साडेतीननंतर सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडू नका, एकच उघडा. थोड्या झाडांना पुरेसा दाब मिळालेला बरा, सगळ्या बागेला थेंब थेंब देण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे कोन ३५ केल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी चार वाजून वीस मिनिटांपर्यंत चाललं. आदल्या आठवड्यात ते सव्वातीनला तुटत होतं. मोसंबीचा ताण जानेवारीत तोडला, म्हणजे बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केलं, तेव्हा दोन्ही पाण्यांना कुठे अडलं नाही. आता खालच्या पट्टीच्या भोकांना ऑइलपेंटनं चार आकडे टाकले आहेत, आणि आकड्यांशेजारी सणांची नावं, म्हणजे मी नसलो तरी धाकट्याला कळेल.